चालणारे कुंपण

काय काम करता, असे कुणी विचारले तर मी सांगते, लोकांच्या घरामागचे काढते. काय काढता? घरच्यांनी वाढू दिलेले काढते. गाजर गवत, बेशरम, घाणेरी. शेतात निंदणाला बायका मिळतात, कारण तिथे पीक असते. घरामागच्या जंगलाला कुणी मिळत नाही. तिथे साप असतो, फुटक्या बाटल्या असतात आणि शेजारी असतो. तिन्हींत शेजारी वाईट.

माझे घर देवळीला. तिथून वर्धा, आंजी, हिंगणी, जिथे बोलावतील तिथे आम्ही चार बायका बसने जायचो. विळे, कुदळी आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवायचो. कंडक्टर रोज कटकट करायचा आणि रोज चढू द्यायचा. आता गुडघ्यांनी काम बंद केले. चौथीपर्यंतच शिकले, पण वाचायचे सोडले नाही, म्हणून लिहिता येते. जे पाहिले ते लिहिते. त्यात हसण्यासारखे थोडे आहे, ते आधीच सांगून टाकते.

एका माणसाने गोठ्याची भिंत बेशरमच्या काड्यांची केली. वरून शेणमातीने छान लिपली. पावसाळ्यात भिंतीला पाने फुटली. पुढे जांभळी फुलेही आली. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, हा गोठा उपटून द्या." असा गोठा मी जन्मात पहिल्यांदा उपटला. झाले. हसण्याचे एवढेच.

घर विकायचे असले की माणसाला घरामागची आठवण येते. एरवी कचरा टाकण्यापुरती. आणि घर घेणारा येतो उन्हाळ्यात. शाळा सुटलेल्या असतात, अक्षय तृतीयेला इसार द्यायचा असतो. तेव्हा आमच्याकडे सगळे भाजून निघालेले असते. गाजर गवत वाळून भुगा झालेला. जमीन स्वच्छ दिसते. पण त्या भुग्यात बी असते. पाऊस पडून पंधरवडा झाला की ते सगळे वर येते. म्हणून मी सांगते, घर पाहायचे तर पोळ्याच्या तोंडावर पाहा. तेव्हा घर खरे दिसते.

वर्धेच्या बाहेर एका लेआउटात एका रिटायर साहेबांनी असेच उन्हाळ्यात घर घेतले. तिन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. त्यांचे मालक नागपूरला, कधी फिरकायचे नाहीत. पावसाळ्यात कंबरेएवढे गाजर गवत झाले. साहेबांना दमा होता. आम्ही त्यांचे अंगण साफ केले, मग त्यांनी शेजारचे प्लॉटही आमच्याकडून साफ करून घेतले, पण पुढचे प्लॉट कुणी करायचे? बी वाऱ्याने येते, नाल्याच्या पाण्याने येते, गाडीच्या चाकाच्या चिखलातून येते. शेवटी साहेबांनी घर विकले. त्यांनीही उन्हाळ्यातच विकले. नव्या मालकाने पावसाळ्यात बोलावले ते मलाच.

हे गवत पाऊस झाल्यावर, जमीन मऊ असताना, पांढरे फूल यायच्या आत मुळासकट उपटायचे असते. फूल आल्यावर उपटले तर तुम्ही फक्त बी पेरत फिरता. हाताला कपडा बांधायचा, तोंडाला बांधायचा. आम्ही बांधायचो, पण उन्हात सुटायचा. आमच्यातल्या शांताला ते बाधले. आधी बोटांना खाज, मग मान आणि पापण्यांची कातडी काळी, जाड, भेगा पडलेली. डॉक्टरने गवताजवळ जायचे नाही म्हणून सांगितले. शांता म्हणाली, "मंग मी कोनाजवय जाऊ?" तेव्हापासून गाजर गवताच्या कामाला तिला नेत नव्हते. फक्त बेशरमच्या कामाला न्यायची. म्हणून आंजीला ती माझ्यासोबत होती.

आंजीचेच सांगायचे आहे.

आधी बेशरम काय ते सांगते, कारण शहरातले लोक फूल पाहून फोटो काढतात. नाल्याकाठी ती आपोआप येते. गावात मात्र माणसांनी स्वतः लावली. काडी तोडून ओल्या जमिनीत खोचली की कुंपण तयार. बकरी तोंड लावत नाही, गाय लावत नाही, पाणी द्यावे लागत नाही. फुकटात मिळालेल्या वस्तूचे होते तेच मग होते. ती जात नाही. कापली तर फुटते. कापलेला तुकडा जमिनीवर टाकला तर तोही फुटतो. म्हणून आम्ही कापलेले सगळे दगडांवर किंवा टिनावर वाळत टाकायचो. आणि मुळे काढायची तर सगळी काढायची. अर्धी काढण्यापेक्षा हात न लावलेला बरा, कारण कुदळीने तुटलेला प्रत्येक तुकडा नवे झाड होतो.

विमलबाईने निरोप पाठवला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. बाई विधवा, माझ्याच वयाची, घरात एकटी. एकुलती एक मुलगी वर्धेला दिलेली. घर चांगले होते, पुढे दोन खोल्या, मागे मोठे आवार आणि आवाराच्या शेवटी बेशरमचे कुंपण. कुंपण कसले, बेटच. आत माणूस उभा राहिला तर दिसला नसता.

"मांगचं सारं काढून द्या बाई," ती म्हणाली. "घेनारा म्हनते, जागा उघडी करून दाखवा, मंग बोलू."

"घर विकून जाता कुठं?"

"पोरीकडं. डोयाचं आपरेशन झालं, तरी सांजच्याले दिसत नाई. पाय सापावर पडला का दोरीवर, समजत नाई." मग म्हणाली, "पोरीच्या घरावर एक खोली काढाची हाये. घराचे पैसे आले त थे मायी खोली होईल. नाई त जावयाच्या घरात खाट टाकून पडा लागते. तसं मले नाई जमत."

ते तिला जमणार नव्हते, हे दिसत होते. चहा देताना तिने कपाला बोट लावून पाहिले, किती भरला ते. दिसत नाही हे कुणाला दाखवायचे नाही, अशी बाई.

कुंपणापलीकडे नामदेवचे घर. विमलबाईचा नवरा होता तेव्हापासून हा त्याला दादा म्हणायचा आणि हिला वहिनी. तिचे सिलिंडर तोच आणायचा, रेशन तोच आणायचा. डोळ्याच्या ऑपरेशनला मोटरसायकलवर मागे बसवून तोच घेऊन गेला होता. जावई दुसऱ्या दिवशी आला. हे मला विमलबाईनेच सांगितले, जावयाची तक्रार म्हणून नाही, नामदेवची गोष्ट म्हणून.

आम्ही कामाला लागलो तर नामदेव पलीकडून आला. "बाई, वरवर कापू नका बरं. मुयापासून काढजा. माया न्हानीतून कोंब निघून राह्यले. फरशी उचलली पाहा."

त्याची न्हाणी कुंपणाला लागून होती. मुलाचे लग्न झाले तेव्हा सुनेसाठी बांधलेली, आतून निळ्या टाइल्स. कोपऱ्यात टाइल फुटून बेशरमचा कोंब वर आला होता, पांढरट, कोवळा.

शांता म्हणाली, "भाऊ, तुमच्या टाइल पाहून आली वाटते थे."

"मंग आंघोय करून जाय म्हना वापस," नामदेव म्हणाला. सगळे हसले. त्याची बायको पंचफुला दारात धान्य पाखडत होती, तीही हसली. तिने दुपारी आम्हाला ताक दिले.

बेशरम खणायची रीत अशी. कोवळ्या बाजूने सुरू करायचे आणि मुळाच्या मागे मागे जुन्या बाजूकडे जायचे. कोवळे मूळ बोटाएवढे असते. जुना बुंधा मनगटापेक्षा जाड, काळा, गाठींचा. बुंधा निघाला की काम झाले. आम्ही विमलबाईच्या आवारातून सुरू केले. मला वाटले, कुंपणाच्या मध्यावर बुंधे लागतील, लागतातच. इथे लागले नाहीत. मुळे पुढेच जात राहिली. आम्ही कुंपण ओलांडून नामदेवच्या अंगणात आलो. वर मुरूम, खाली राख, त्याखाली पुन्हा मुरूम, आणि त्याखाली बुंध्यांची रांग. सरळ. काही सडलेले, काही जिवंत. रांग थेट न्हाणीच्या पलीकडच्या, नामदेवच्या घराकडच्या भिंतीखाली गेली होती.

तेव्हाच मला समजले. असे मी आधीही पाहिले होते, पण एवढे नाही. कुंपण असे चालते. बेशरमची फांदी वाकते, जमिनीला टेकते, तिथे मूळ धरते. ज्याच्यात जोर आहे तो आपल्या बाजूची फांदी छाटतो. आपल्या बाजूला वाढू देत नाही, मुळाशी कापतो, वर राख-मुरूम टाकून अंगण करतो. ज्याच्यात जोर नाही त्याच्या बाजूला ती टेकते आणि वाढते. दर पावसाळ्यात वीत, दोन वीत. कुणी कुणाची जमीन घेत नाही. एकजण रोज सकाळी आपले अंगण साफ ठेवतो आणि दुसरीचे आवार कमी होत जाते. नवरा गेल्यापासून विमलबाईने विळा हातात धरला नव्हता.

न्हाणीच्या त्याच पलीकडच्या कोपऱ्याशी शांताची सब्बल दगडावर वाजली. "बाई, गोटा हाये," ती म्हणाली. नामदेव स्वतः खड्ड्यात उतरला. त्याने हाताने माती बाजूला केली. घडीव दगड होता, डोक्यावर छिन्नीने खाच मारलेली. हद्दीचा.

नामदेव तिथेच, खड्ड्याच्या काठावर बसला. "हा त दादानं अन् मीच गाडला होता," तो म्हणाला. "म्या धरला, दादानं माती लोटली. मंग गोट्याच्या रांगेनं काड्या लावल्या."

दगडाच्या अलीकडे विमलबाईची जागा. म्हणजे न्हाणी सगळी तिच्या जागेत उभी होती. आणि न्हाणीपुढचे अंगणही, जिथे आम्ही ताक प्यायलो.

विमलबाई काठी टेकत आली. तिला दगड दिसला नसावा. ती वाकली, हाताने खाच चाचपली आणि सरळ झाली.

"वहिनी, मले माईत नोतं," नामदेव म्हणाला. "देवाशप्पत."

"मले माईत हाये तुले माईत नोतं," ती म्हणाली. "तू काऊन शपता घेऊन राह्यला? ऊठ."

मी सांगते, तिथेच सगळे मिटले होते. ती आणखी एक शब्द बोलली असती तर तो 'राहू दे' हाच असता. माझ्या समोर तिचे तोंड होते. पण दारातून पंचफुला बोलली. ती रागाने बोलली नाही, घाबरून बोलली. सुनेची न्हाणी जाते असे तिला वाटले.

"गोट्याचं काय," ती म्हणाली, "गोटा कोनीबी सरकवते. भाऊजी होते तवा इथं कोन पाहाले होतं?"

नामदेव बायकोकडे पाहून फक्त "अवं" म्हणाला. तेवढेच म्हणाला. त्याने तेव्हा दोन शब्द जास्त बोलायला पाहिजे होते.

विमलबाई म्हणाली, "माया मालकानं गोटा सरकवला?"

"मी तसं कुठं म्हनलं?"

"मंग कसं म्हनलं?"

"हे बाया खोदत आल्या म्हनून. नाई त कोनाले काय दिसत होतं?"

म्हणजे दोष माझ्याकडे आला. मला अशा गोष्टींचे काही वाटत नाही. मी म्हटले, "पंचफुलाबाई, मुळं आम्ही लावली नाहीत. तुमच्याच मालकानं म्हटलं, मुळापासून काढा." ती आत गेली आणि तिने दार लावले.

घेणारा तेवढ्यातच आला. एसटीत ड्रायव्हर होता, तरुण, सभ्य माणूस. सोबत बायको, तिच्या कडेवर मूल. विमलबाईला तो काकू म्हणायचा. त्याची बायको खुशीत होती. आवार फिरून तिने इथे तुळस, इथे कपडे वाळत घालायची तार असे सगळे ठरवूनही टाकले. मग खड्ड्याजवळ आली. खड्डा पाहिला, दगड पाहिला, न्हाणी पाहिली.

"हे न्हानी कोनाची व काकू?" तिने विचारले. सरळ मनाने विचारले.

नामदेव म्हणाला, "मायी."

विमलबाई म्हणाली, "माया जागेवरची."

दोघेही खरेच बोलले. पण घर त्या दोन वाक्यांत गेले.

ड्रायव्हर विमलबाईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "काकू, मी दिवसभर बस चालवतो. रस्त्यानं सारे भांडतच राह्यते. घरी आल्यावर मले भांडन नाई पाह्यजे. तुमचं निपटलं का सांगजा, मी येतो." त्याची बायको निघताना विमलबाईच्या पाया पडली. तो परत येणार नाही, हे तिथेच कळले.

आम्ही मुळे अर्धवट सोडून अवजारे गोळा केली. आता कुणाच्या जागेत खणायचे, हेच ठरलेले नव्हते. माझ्या कामात मी अर्धवट सोडलेले हे एकच काम.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पुन्हा गेले. सब्बल राहिली होती, तेवढे निमित्त. नामदेव बाहेर उभा होता. म्हणाला, "वहिनीनं एकडाव म्हनावं, मी आपल्या हातानं न्हानी पाडतो. कोर्ट नाई, मोजनी नाई. पन तिनं म्हनावं."

मी पलीकडे गेले. विमलबाई म्हणाली, "मले न्हानी पाडाची नाई. पंचफुलानं येऊन एकडाव म्हनावं, भाऊजीबद्दल बोलली थे चुकलं. मी थे जागा तिच्या सुनेले देऊन टाकतो. उरली तेवढी विकतो. ड्रायव्हरले फोन करतो."

मी दोघांचे बोलणे दोघांना सांगितले. ते माझे काम नव्हते, तरी सांगितले. पंचफुला म्हणाली, "मी काऊन जाऊ? माया घरचा मानूस रोज तिचं पानी भरे, थे कोनं मोजलं?" नामदेव मान खाली घालून सुपारी कातरत होता. मी त्याला म्हटले, "तू तरी जा." तो म्हणाला, "बायकोले घरी सोडून मी गेलो त मंग घरीच येऊ नाई." मी सब्बल घेतली आणि बस पकडली.

पुढचे पाऊस झाल्यावर कळले, ते शांताने आणले. तिची भाची आंजीला दिलेली आहे. सरपंचांनी एकदा दोघांना बसवले होते. मोजणीचा अर्ज कुणीच केला नाही. अर्ज केला तर आपण भांडणारे ठरू, ही भीती दोघांना सारखीच. ड्रायव्हरने वायगावकडे घर घेतले. दुसरा एक घेणारा आला, त्याला गावातच कुणीतरी सांगितले, ती भांडणाची जागा आहे. तिसरा आला नाही.

पोळ्याच्या आधी मी आंजीला गेले. दुसरे काम होते, ते आटोपून विमलबाईकडे वळले. मागे जाऊन पाहिले तर माझ्याने पाहवेना. आम्ही तोडलेला एक एक तुकडा उठला होता. जिथे रांग होती तिथे आता रान होते. नामदेवच्या बाजूलाही होते. तो आता छाटत नव्हता. छाटले तर लोक म्हणतील, पाहा, अजून जागा घेतो आहे. आणि विमलबाईने कुणाला छाटायला बोलावले तर म्हणतील, हक्क दाखवते आहे. म्हणून कुणीच विळा लावला नाही. न्हाणीत आता कुणी जात नव्हते. तिच्या खिडकीतून फांद्या बाहेर आल्या होत्या. निळ्या टाइल्सवर वाळलेली फुले पडली असतील, मी आत जाऊन पाहिले नाही.

विमलबाई बारीक झाली होती. सिलिंडर संपले होते, म्हणून पुढच्या ओट्यावर चूल मांडलेली. मुलगी न्यायला आली होती, पण खोली झाली नव्हती, म्हणून ही गेली नाही. धुरात तिचे डोळे आणखी लाल झाले होते. तिने चहा केला. या वेळी कप सांडला. तिने ते माझ्यापासून लपवले नाही.

मी म्हटले, "विमलबाई, शांताले घेऊन येते. पैसे नको. निदान तुमच्या बाजूची वाट मोकळी करून देते. मागच्या दारानं साप आत येईल."

"नको," ती म्हणाली.

"काऊन नको? लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोकाचं काय हाये." तिने पदराने डोळ्यांतले पाणी पुसले, धुराने आलेले होते ते. "तुमी कापून गेल्या होत्या नं, तवा मांगं सारं उघडं झालं होतं. मले दूरचं दिसत नाई म्हनते डाक्टर. पन नामदेव अंगनात उभा राहे थे दिसे. इकडं पाहे. बोलत नोता. मीबी बोलत नोती. असे आमी दोघं उभे राहो, रोज." चुलीत काडी सारून ती म्हणाली, "आता वाढली त बरं हाये. वाढू द्या."

मी चहा संपवला आणि उठले. देवळीची बस लागलेली होती.